आग्रा रोडवरचा पिवळा दिवा

१ एप्रिल २००५ या दिवशी भारत स्टेज-२ (बीएस-२) हे धुराचे नियम सबंध देशाला लागू झाले. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या गॅरेजांत त्या तारखेची कोणी दखल घेतली असेल असं वाटत नाही. एप्रिल म्हणजे लग्नसराई, वऱ्हाडाच्या जीपा तयार करून द्यायचे दिवस. पण त्या तारखेपासून नव्या पेट्रोल मोटारीत कार्बोरेटरला जवळपास जागा उरली नाही आणि त्याच्या जागी एक ॲल्युमिनियमची चपटी पेटी, म्हणजे इंजिनाचा संगणक, बसली. मुंबईत हाच नियम २००१ मध्ये आला होता. सीएसएमटीहून शहापूरजवळच्या आसनगावला लोकल दोनेक तासांत पोचते; नियमाला मात्र तेवढंच अंतर कापायला चार वर्षं लागली. त्या पेटीशी बोलायची विद्या पोचायला तर त्याहून कितीतरी जास्त काळ गेला.

आधीचं गॅरेज कसं होतं ते सांगायला हवं, कारण काय गेलं हे कळल्याशिवाय काय आलं ते कळत नाही. शहापूर मुंबई-आग्रा रस्त्यावर. पुढे आटगाव, खर्डी, कसारा आणि मग घाट. मुरबाड कल्याण-नगर रस्त्यावर. सरळगाव, टोकावडे करत हा रस्ता माळशेजला चढतो. दोन्ही तालुक्यांच्या डोक्यावर सह्याद्री उभा आहे, त्यामुळे इथल्या मिस्त्रीकडे येणारी गाडी बहुधा चढाला थकलेली किंवा उताराला ब्रेक तापलेली. कमांडर जीप, ट्रॅक्स, सहा आसनी मिनीडोअर, मालट्रक, अधूनमधून पद्मिनी किंवा मारुती ८००. पेट्रोल गाडीला पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि कार्बोरेटर एवढी चार दुखणी. गाडी मिसिंग करते म्हटल्यावर मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढी, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवी, फिलर गेजने फट बघी आणि मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कान इंजिनाकडे लावी. आवाज गोल झाला की हात थांबे.

डिझेलचं तंत्र आणखी रांगडं होतं. पंप आणि नोझल, बस्स. नोझल नाशिकच्या मायकोचं. हा कारखाना नाशिकच्या जीवनात इतका मुरला की शहरातल्या चौकाला मायको सर्कल हेच नाव राहिलं, मूळ कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी. महिंद्राचा इंजिन कारखाना इगतपुरीला, म्हणजे कसारा घाट चढून गेलं की लगेच. शहापूरच्या मिस्त्रीच्या हाताखालून जाणाऱ्या कितीतरी इंजिनांचं आणि नोझलांचं माहेर असं घाटाच्या वरच होतं. एखादं सिलिंडर काम करत नसेल तर ते शोधायची रीत साधी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि नोझलच्या पाइपाचे नट एकेक करून सैल करायचे. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर ते सिलिंडर जिवंत. सैल करूनही काही फरक पडला नाही तर दुखणं तिथेच. डिझेल हातावर उडे, ते चिंधीला पुसायचं. हजारो मिस्त्री याच परीक्षेवर शिकले. पुढे याच सवयीने त्यांच्या हाताला धोका आणला, त्याकडे येऊच.

आता ती ॲल्युमिनियमची पेटी. ती कुणाच्या सोयीसाठी जन्माला आली नाही. ती आली लॉस एंजेलिसच्या हवेमुळे. त्या शहरावर डोळे चुरचुरायला लावणारं धुरकं साचत असे. कॅलिफोर्नियात अननसाच्या वासाचं रसायन शोधणारे मूळचे डच शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की मोटारींच्या धुरातले वायू उन्हात एकत्र येऊन हे धुरकं बनतं. १९७० च्या अमेरिकी कायद्याने मोटार कंपन्यांना धूर कमालीचा घटवायला लावलं. उपाय निघाला तो सायलेन्सरच्या वाटेत बसणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. पण धुरातले तीन मुख्य विषारी वायू एकाच वेळी मारायचे तर इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण जवळपास काटेकोर राहायला लागतं. थंडीत, चढावर, उतारावर, गर्दीत, सगळीकडे. कार्बोरेटरला हे जमणं शक्यच नव्हतं. मग १९७६ मध्ये व्हॉल्वोने धुरातला प्राणवायू मोजणारा बॉशचा सेन्सर बसवला, आणि १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही कामं एका संगणकाकडे सोपवली. सेन्सर सांगेल, संगणक हिशेब करील, इंजेक्टर तेवढंच पेट्रोल सोडील, आणि पुन्हा सेन्सर तपासील. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरतं.

भारतात ही साखळी न्यायालयातून आली. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, कारण शिशाने कन्व्हर्टर मरतो. २९ एप्रिल १९९९ रोजी न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि पाठोपाठ वर्षभरात युरो-२ या युरोपीय धुराच्या नियमांचा आदेश दिला. मग प्रश्न उरला बाकीच्या देशाचा. त्यासाठी २००१ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्याच्या माशेलात जन्मलेला, मुंबईत हलाखीत शिकलेला हा मराठी शास्त्रज्ञ. २००३ मध्ये मंजूर झालेल्या इंधन धोरणाने देशाचे दोन भाग केले: मोठी शहरं आधी, बाकीचे मागून. याचं कारण गंधक. डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक बीएस-२ ला चालत होतं, बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला फक्त ५०. एवढं स्वच्छ डिझेल काढायचं तर रिफायनऱ्यांत मोठे बदल करावे लागतात, आणि ते काम एका रात्रीत होत नाही. हा क्रम मला समजतो, पटतोही. पण त्याची एक किंमत होती. २०१० मध्ये बीएस-४ लागू झालेल्या तेरा शहरांत महाराष्ट्रातली तीन होती: मुंबई, पुणे आणि सोलापूर. ज्याच्या भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबई पिते त्या शहापूर तालुक्याचं नाव यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. नवं तंत्र, त्याचं प्रशिक्षण आणि त्याची यंत्रं शहरांच्या यादीमागून गेली. गाड्या मात्र यादी बघून धावत नाहीत.

पहिल्यांदा आली ती एमपीएफआय, म्हणजे पेटीच्या हुकमाने प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल सोडणारी इंजेक्शन यंत्रणा. सँट्रो १९९८ मध्ये याच तंत्रावर उतरली, वर्षभरात मारुतीच्या झेन आणि एस्टीमवरही ही चार अक्षरं झळकली आणि दोन-तीन वर्षांत ८०० पर्यंत पोचली. मुंबईची सेकंडहँड गाडी घेऊन कोणी मुरबाडला आला आणि ती बाजारात बंद पडली की मिस्त्री बॉनेट उघडून हात मागे घेई. कार्बोरेटर नाही, पॉइंट नाही, फिरवायला स्क्रू नाही. ‘हिला कंपनीत न्या’ हे वाक्य तेव्हाचं.

तरी त्या जुन्या पेट्यांनी एक खिडकी उघडी ठेवली होती. मारुतीच्या तेव्हाच्या गाड्यांत तपासणीच्या कनेक्टरचं ठरावीक टोक वायरच्या तुकड्याने अर्थला जोडलं की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागे. एक लुकलुक, थांबा, दोन लुकलुका: म्हणजे १२. बारा म्हणजे पेटीची काही तक्रार नाही. दुसरा आकडा आला तर तो एखाद्या सेन्सरचा. ज्याला ही वायर कुठे लावायची ते कळलं तो तालुक्यात एकदम मोठा मिस्त्री झाला. आकड्यांचे अर्थ वहीत उतरवून घेतलेले, वही गल्ल्यात ठेवलेली. या विद्येला शाळा नव्हती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला एखादा पोरगा गावाकडे परतला की त्याच्याबरोबर ती येई.

मग डिझेलची पाळी आली आणि इथे गोष्ट गंभीर होते. मध्यम किमतीच्या मोटारींत कॉमन रेल डिझेल २००२ मध्ये ॲक्सेंटने आणलं. पुढे स्कॉर्पिओ, आणि २०११ च्या सुमारास बोलेरो, जी या दोन्ही तालुक्यांत घरचीच गाडी. जुन्या पंपाचं नोझल साधारण दोनशे बार दाबाला उघडत असे. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत सोळाशे बारपर्यंत दाब सतत कोंडलेला असतो आणि कुठला इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडायचा हे पेटी ठरवते. आता ती नट सैल करायची जुनी परीक्षा आठवा. चालू कॉमन रेलवर ती केली तर डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मांस सडत जातं. वीस-वीस वर्षं ज्या हालचालीने घर चालवलं तीच हालचाल करायची नाही, हे त्या माणसांना कोणी बसवून सांगितलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच आहे.

तरीही रीत सापडली. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. त्या परतीच्या नळ्या काढून चार पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं. ज्या बाटलीत इतरांहून फार जास्त डिझेल साचेल त्याचा इंजेक्टर आतून गळतो. जुन्या परीक्षेचीच ही नवी पिढी: चौघांची एकमेकांशी तुलना करून दोषी शोधायचा. फरक एवढाच की यात हात दाबाच्या बाजूला जात नाही.

२०१० मध्ये बीएस-४ गाड्यांना पेटीने स्वतःची तपासणी करण्याचं बंधन आलं आणि २०१३ मध्ये ते कडक झालं. स्टिअरिंगखाली सोळा टोकांचं सॉकेट सगळ्यांना सारखं मिळालं. चार आणि पाच नंबरला अर्थ, सोळाला बॅटरी, सहा आणि चौदावर पेट्यांचं आपसातलं बोलणं ज्या दोन वायरींवरून चालतं त्या. या बोलण्याची भाषा बॉशने १९८६ मध्ये ठरवलेली. कॅनडात बनलेल्या एका चिपच्या स्वस्त नकला बाजारात आल्या आणि हजार रुपयांच्या आतला, मोबाइलला जोडणारा स्कॅनर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या मोबाइल दुकानापर्यंत पोचला. आता पेटीची तक्रार कुणालाही वाचता येऊ लागली.

वाचता येणं आणि कळणं यात मात्र अंतर होतं. आणि ते अंतर इथे घाटाने दाखवून दिलं. भाजी भरलेली पिकअप शहापूरहून निघते, आटगाव-खर्डीपर्यंत सुरळीत जाते, आणि कसारा घाटात मान टाकते. पिवळा दिवा लागतो, ॲक्सिलरेटर दाबला तरी फेरे चढत नाहीत. मिस्त्री म्हणतात, गाडी लिम्पमध्ये गेली. स्कॅनर लावला की पी-००८७ दिसतो: रेलमधला दाब मागणीपेक्षा कमी. नवखा माणूस लगेच पंपाचं किंवा इंजेक्टरचं बिल सांगतो, म्हणजे मालकाच्या महिन्या-दोन महिन्यांच्या कमाईला हात. पण पेटीने पंप खराब आहे असं म्हटलेलंच नाही. तिने एवढंच म्हटलं की मी इतका दाब मागितला आणि मला तो मिळाला नाही. सपाटीवर मिळतो आणि चढावर मिळत नाही, याचा अर्थ डिझेल जास्त लागतं तेव्हा ते कुठेतरी अडतं. आधी फिल्टर बघायचा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. मग टाकीकडून येणारा पाइप, त्याचे क्लॅम्प. फटीतून हवा ओढली जात असेल तर पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. हे सगळं स्वच्छ असेल तेव्हाच पंपाकडे वळायचं. बऱ्याचदा काम फिल्टरवर भागतं.

दुसरी खोड पावसाची. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस नुसता ओतत असतो, आणि भाताच्या दिवसांत उंदीर गाडीच्या उबेला येतात. वायरिंगचं वेष्टन कुरतडलं जातं, कनेक्टरच्या टोकांवर हिरवा काट चढतो. मग एकाच वेळी चार-पाच सेन्सरांचे कोड येतात. चार सेन्सर एका दिवशी मरत नसतात. त्या सेन्सरांना पेटीकडून पाच व्होल्टचा एक सामाईक पुरवठा जातो. त्यांतला एक जरी सेन्सर अर्थला चिकटला तरी सगळ्यांचं पाणी तुटतं. अनुभवी वायरमन स्कॅनर बाजूला ठेवतो, मल्टिमीटर पाच व्होल्टच्या वायरीला लावतो आणि सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढत जातो. मीटरवर शून्य, शून्य, शून्य, आणि एक कनेक्टर निघाला की पाच. दुखणं सापडलं, त्या एका कनेक्टरात किंवा सेन्सरात. याच माणसांनी आणखी एक नियम अनुभवाने बसवला: बॉडीला वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, नाहीतर तो झटका पेटीला खातो.

ही विद्या गॅरेजांनी कमावली, पण कागद त्यांना मिळाले नाहीत. वायरिंगचे नकाशे, कंपनीचे खास स्कॅनर, काही सुटे भाग हे अधिकृत वर्कशॉपपुरतेच राहिले. जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया या ग्राहकाने याविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तीन कंपन्यांपासून सुरू झालेली चौकशी जवळपास सगळ्या उद्योगापर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि भाग, तपासणीची साधनं, माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा असं बजावलं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नका, असंही सांगितलं. कंपन्या न्यायालयांत आणि अपिलात गेल्या. माझ्या दृष्टीने हा निकाल दंडाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला माहितीचा हक्क आहे, हे त्यात सरकारी कागदावर आलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं. गाडी चाचणीला उभी आहे हे पेटीतला प्रोग्रॅम ओळखत होता आणि तेवढ्यापुरता धूर कमी करत होता. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपास केला आणि डिसेंबरात कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. जी पेटी हवेसाठी आणली तिच्या आत काय लिहिलंय ते कंपनीशिवाय कुणालाच वाचता येत नव्हतं, ही गोष्ट तेव्हा जगाला कळली. गावच्या मिस्त्रीला ती रोज भेटत होती.

बीएस-४ सगळ्या देशाला १ एप्रिल २०१७ पासून, आणि मधली पायरी गाळून बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. या वेळी शहर आणि खेडं असा भेद राहिला नाही. त्या दिवसापासून देशात सगळीकडे दहा भाग गंधकाचं डिझेल. हे खरंच मोठं काम झालं. आग्रा रोडच्या ट्रकांना धूर स्वच्छ करायला आता युरियाचं द्रावणही लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. खताचा युरिया पाण्यात कालवून ओतला तर यंत्रणा बिघडते, आणि द्रावण संपलं की पेटी ट्रकची ताकदच आवळते. कागदांच्या प्रश्नावरही हालचाल झाली: २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबरला त्या हक्काचं पोर्टल आलं, आणि त्यात मोटारीही आहेत. पण नवी पेटी टाकली तर तिला गाडीच्या नंबराशी आणि चावीशी जुळवायला बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. कुर्ल्याच्या भंगार बाजारातली जुनी पेटी बसवून गाडी चालू होत नाही. तेवढ्या एका कामासाठी शहापूरची गाडी टोइंगवर कल्याण-ठाण्याकडे जाते. शहापूर आणि मुरबाडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला प्रत्येक चालू मॉडेलचा वायरिंग नकाशा मिळायला हवा, आणि तो फुकट मिळायला हवा. धुराचा नियम सक्तीचा करता येतो, तर नकाशा का नाही?

दरम्यान गॅरेजात नवं दुखणं आलंय. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी लांबवर, एका वेगाने, तापून चालावी लागते. धसईहून मुरबाडच्या बाजारापर्यंत जाणारी आणि वाटेत दहा ठिकाणी थांबणारी गाडी तेवढी तापतच नाही. फिल्टर भरतो, दिवा लागतो. मिस्त्री स्कॅनरवर काजळीचा आकडा बघतो, पाना हातात न घेता बॉनेट लावतो आणि मालकाला म्हणतो, “मामा, उघडायचं काही नाही. टोकावड्याच्या पुढपर्यंत न्या, खालच्या गिअरमध्ये, वीसेक मिनिटं मध्ये कुठे थांबू नका. आणि दिवा गेला नाही तर तशीच चालवू नका, सरळ इकडे या.”